कोविड-१९ महासाथ आणि भारतातील बाह्यरुग्ण कर्करोगसेवा

कोविड-१९ महासाथीच्या काळात (२०२० ते २०२३) भारतातील कर्करोग रुग्णालयांनी आपल्या बाह्यरुग्ण सेवेत जे बदल केले, त्यांचा आढावा या लेखात घेतला आहे. कर्करोगाच्या उपचारांचा मोठा भाग रुग्णालयात मुक्काम न करता पार पडतो. पहिली तपासणी, निदानाच्या चाचण्या, दिवसभराच्या कक्षातील केमोथेरपी, रोजचे किरणोपचार, वेदनाशामक सेवा आणि उपचार संपल्यानंतरची वर्षानुवर्षांची पाठपुरावा तपासणी ही कामे बाह्यरुग्ण विभागातच होतात. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या देशव्यापी टाळेबंदीमुळे रुग्णांचे येणेजाणे थांबले आणि गर्दीचा बाह्यरुग्ण विभाग हेच संसर्गाचे ठिकाण ठरण्याची भीती निर्माण झाली. त्यामुळे कोणाला बोलवावे, कोणाला घरीच थांबवावे आणि कोणाचे उपचार कोणत्याही परिस्थितीत लांबवू नयेत, हे ठरवण्याची वेळ रुग्णालयांवर आली. मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग जाळे (नॅशनल कॅन्सर ग्रिड) यांनी या काळात घेतलेले निर्णय व नोंदवलेली आकडेवारी हा या विषयावरील भारतातील महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

पार्श्वभूमी

ग्लोबोकॅन २०२० या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या वर्षी कर्करोगाचे सुमारे १३.२ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८.५ लाख रुग्णांचा मृत्यू झाला. स्तन, मुख आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग देशात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांत मोडतात. सर्व प्रकारचे उपचार एकाच ठिकाणी देणारी केंद्रे मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. त्यामुळे उपचारांसाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास करणे आणि परक्या शहरात महिनोन्‌महिने राहणे ही भारतीय कर्करोग रुग्णाची महासाथीपूर्वीपासूनची अडचण आहे.

मुंबईच्या परळ भागातील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. नवी मुंबईतील खारघर येथे त्याचे संशोधन व उपचार केंद्र असून, वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम आणि पंजाबमधील संगरूर येथेही टाटा मेमोरियल केंद्राची रुग्णालये आहेत. परळच्या बाह्यरुग्ण विभागात महाराष्ट्राबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व ईशान्येकडील राज्यांतून रुग्ण येतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था या रुग्णांच्या व नातेवाइकांच्या निवासाची सोय करतात. तरीही रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर मुक्काम करणारी कुटुंबे हे परळमधील नेहमीचे दृश्य होते.

राष्ट्रीय कर्करोग जाळ्याची स्थापना २०१२ मध्ये झाली. देशातील कर्करोग केंद्रे, संशोधन संस्था व रुग्णसंघटना यांना जोडून उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे तयार करणे आणि रुग्णाला शक्यतो त्याच्या घराजवळ उपचार मिळवून देणे हा त्यामागील उद्देश आहे. महासाथ सुरू झाली तेव्हा या जाळ्यात २०० हून अधिक केंद्रे सामील झाली होती.

संसर्ग आणि विलंब: दोन जोखमी

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्या वेळी कर्करोग रुग्णांविषयी उपलब्ध असलेली माहिती अत्यंत तुटपुंजी होती. चीनमधील १,५९० कोविड रुग्णांवरील एक अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कर्करोगाचा इतिहास असलेले केवळ १८ रुग्ण होते. त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना अतिदक्षता विभागाची गरज पडणे किंवा मृत्यू होणे अशा गंभीर परिणामांना सामोरे जावे लागले. इतर रुग्णांत हे प्रमाण ८ टक्के होते. रुग्णसंख्या अगदी लहान असूनही या अहवालाचा प्रभाव मोठा ठरला. केमोथेरपीमुळे प्रतिकारक्षमता घटते, म्हणून ती थांबवावी किंवा पुढे ढकलावी, असा विचार अनेक देशांत बळावला.

पुढील काही महिन्यांत अधिक मोठी निरीक्षणे हाती आली. ब्रिटनमधील कर्करोग केंद्रांनी कोविड झालेल्या ८०० कर्करोग रुग्णांची माहिती एकत्र केली. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २२६ म्हणजे २८ टक्के रुग्ण दगावल्याचे दिसले. वय, लिंग व सहव्याधी लक्षात घेतल्यावर मात्र आधीच्या चार आठवड्यांत केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांत मृत्यूची जोखीम लक्षणीय वाढलेली आढळली नाही. जोखीम प्रामुख्याने वाढते वय, पुरुष असणे आणि उच्च रक्तदाब व हृदयविकार यांसारख्या सहव्याधींशी निगडित होती.

दुसऱ्या बाजूला उपचार लांबवण्याचीही किंमत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेस चार आठवड्यांचा विलंब झाल्यास मृत्यूची जोखीम ६ ते ८ टक्क्यांनी वाढते. काही कर्करोगांतील किरणोपचार व केमोथेरपीच्या विलंबाचा परिणाम याहूनही अधिक असतो.

टाटा मेमोरियल केंद्राने या दोन जोखमींची तुलना करून उपचार सुरू ठेवण्याचा निर्णय घेतला. सी. एस. प्रमेश आणि राजेंद्र बडवे यांनी २८ एप्रिल २०२० रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये भारतातील परिस्थितीविषयी लेख लिहून या निर्णयामागील भूमिका मांडली. त्याच रुग्णालयात २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात झालेल्या ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रियांचा आढावा पुढे 'ॲनल्स ऑफ सर्जरी'मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांपैकी शस्त्रक्रियेनंतर एकाचाही मृत्यू झाला नाही. गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ५.६ टक्के होते. योग्य खबरदारी घेतल्यास कर्करोगाचे उपचार सरसकट थांबवण्याची गरज नाही, या मताला या निष्कर्षांमुळे बळ मिळाले.

टाळेबंदी आणि रुग्णांचा प्रवास

देशातील प्रवासी रेल्वेगाड्या २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून थांबल्या आणि मुंबईची उपनगरी लोकल सेवाही बंद झाली. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली व ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढवण्यात आली. कर्करोग रुग्णांची यामुळे दोन प्रकारे कोंडी झाली. उपचारांसाठी शहरात आलेले रुग्ण तेथेच अडकले. त्यांचा निवासाचा व जेवणाचा खर्च वाढत गेला. उपचारांच्या दोन फेऱ्यांमध्ये गावी परतलेले रुग्ण पुढच्या फेरीसाठी येऊ शकले नाहीत. तीन आठवड्यांच्या अंतराने द्यावयाच्या केमोथेरपीत तीन आठवड्यांची टाळेबंदी म्हणजे एक पूर्ण फेरी चुकणे होय.

रुग्णवाहतुकीला टाळेबंदीतून सूट होती. प्रत्यक्षात मात्र जिल्ह्याच्या सीमा ओलांडण्यासाठी पोलिसांचा प्रवासपरवाना, खासगी वाहन आणि त्याचे भाडे या तिन्हींची जुळवाजुळव करावी लागे. रेल्वेत कर्करोग रुग्णांना मिळणारी भाड्यातील सवलत गाड्याच बंद असल्याने निरुपयोगी ठरली. मुंबईची लोकल १५ जून २०२० पासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. कर्करोग रुग्ण व दिव्यांग प्रवाशांना त्यानंतर त्याच वर्षी लोकलने प्रवास करण्याची मुभा मिळाली.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये अत्यावश्यक आरोग्यसेवा चालू ठेवण्याबाबत मार्गदर्शक टिपण प्रसृत केले. कर्करोगावरील उपचार, डायलिसिस व रक्तसंक्रमण यांसारख्या खंडित न करता येणाऱ्या सेवांचा त्यात समावेश होता. भारतीय डाक विभागाने टाळेबंदीत औषधांची पाकिटे पोहोचवण्याची व्यवस्था केली. केरळमध्ये अग्निशमन दलाच्या जवानांनी रुग्णांपर्यंत औषधे नेऊन दिली, तसेच तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा रुग्णालयांत केमोथेरपी देण्यावर भर देण्यात आला.

बाह्यरुग्ण विभागाच्या रचनेतील बदल

प्रवेश व गर्दीचे नियमन

महासाथीपूर्वी मोठ्या कर्करोग रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णासोबत दोनतीन नातेवाईक असत आणि नोंदणी, रक्ततपासणी, डॉक्टरांची भेट व औषधालय अशा प्रत्येक टप्प्यावर रांगेत थांबावे लागे. या रचनेत पुढील बदल करण्यात आले:

• प्रवेशद्वारावर तापमान, लक्षणे व प्रवासाचा इतिहास यांची तपासणी. संशयित रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष.
• रुग्णासोबत एकाच नातेवाइकाला प्रवेश. सर्वांना मुखपट्टी सक्तीची.
• ठरावीक वेळ देऊन बोलावणे. आसनांमध्ये अंतर ठेवणे.
• भेटीच्या आदल्या दिवशी दूरध्वनी करून लक्षणांची विचारपूस करणे व आवश्यकता नसल्यास भेट पुढे ढकलणे.
• कर्मचाऱ्यांचे गट पाडून आळीपाळीने काम, जेणेकरून एक गट बाधित झाल्यास दुसऱ्या गटाला सेवा चालू ठेवता येईल.
• विविध शाखांच्या डॉक्टरांची उपचार ठरवणारी संयुक्त बैठक दूरदृश्य प्रणालीद्वारे घेणे.

मुख, घसा व स्वरयंत्र यांच्या तपासणीत तोंड उघडून किंवा नाकातून दुर्बीण घालून पाहावे लागते आणि त्यातून संसर्गजन्य तुषार उडतात. मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात मोठे असल्याने ही अडचण येथे विशेष जाणवली. अशा तपासण्या अत्यावश्यक रुग्णांपुरत्या मर्यादित ठेवण्यात आल्या आणि तपासणाऱ्यांना पूर्ण संरक्षक पोशाख वापरावा लागला.

तापाचा प्रश्न

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला आलेला ताप ही वैद्यकीय आणीबाणी मानली जाते. औषधांमुळे रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर जिवाणूंचा साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून ताप येताच रुग्णालयात येण्याची आणि प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर, शक्यतो तासाभरात, सुरू करण्याची शिकवण रुग्णांना दिली जाते. महासाथीत सर्वसाधारण जनतेला दिला जाणारा सल्ला याच्या उलट होता. सौम्य ताप असल्यास घरी थांबावे व इतरांपासून दूर राहावे, असे सांगितले जात होते. शिवाय ताप असलेल्या व्यक्तीला अनेक दवाखान्यांत प्रवेशद्वारावरूनच परत पाठवले जाई किंवा कोविड चाचणीचा अहवाल येईपर्यंत थांबवले जाई.

या दोन सल्ल्यांतील विसंगती दूर करण्यासाठी कर्करोग केंद्रांनी तापाच्या रुग्णांना कोविड संशयित समजून वेगळ्या कक्षात घेणे, पण चाचणीच्या निकालाची वाट न पाहता रक्तपेशींची मोजणी व प्रतिजैविके सुरू करणे ही पद्धत अवलंबली. छातीच्या सीटी स्कॅनचा अर्थ लावणेही अवघड झाले. किरणोपचारांमुळे किंवा इम्युनोथेरपीमुळे फुप्फुसांना येणारी सूज आणि कोविडचा न्यूमोनिया यांच्या प्रतिमा एकमेकींसारख्या दिसू शकतात.

उपचारांचा प्राधान्यक्रम

ब्रिटनमध्ये १७ मार्च २०२० रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवेने कर्करोग उपचारांच्या प्राधान्याबाबत मार्गदर्शन जारी केले आणि २० मार्च रोजी तेथील 'नाइस' या संस्थेने औषधोपचारांसाठी तातडीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. युरोपीय वैद्यकीय कर्करोग संघटनेने उच्च, मध्यम व निम्न अशी तीन स्तरांची वर्गवारी सुचवली. भारतीय केंद्रांनीही याच धर्तीवर रुग्णांचे गट केले. रोग बरा होण्याची शक्यता, विलंबाने होणारे नुकसान आणि उपचारांमुळे वाढणारी संसर्गाची जोखीम हे तीन निकष सामान्यतः वापरले गेले.

तीव्र रक्तकर्करोग, लिम्फोमा, अंडकोशाचा कर्करोग आणि लहान मुलांचे बहुतेक कर्करोग हे वेळेवर उपचार मिळाल्यास बरे होण्याची मोठी शक्यता असलेले रोग आहेत. त्यांवरील उपचार थांबवले गेले नाहीत. गर्भाशयमुखाच्या व डोके-मानेच्या कर्करोगांवरील किरणोपचारही एकदा सुरू झाल्यावर खंडित करता येत नाहीत, कारण मध्ये पडलेल्या खंडामुळे रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. प्रोस्टेटच्या संथ वाढणाऱ्या कर्करोगात किंवा थायरॉइडच्या बहुतेक कर्करोगांत काही आठवडे थांबणे सुरक्षित मानले गेले. उपचार पूर्ण होऊन काही वर्षे झालेल्या आणि कोणतीही तक्रार नसलेल्या रुग्णांच्या पाठपुरावा भेटी सर्वप्रथम पुढे ढकलण्यात आल्या.

रुग्णालयातील फेऱ्या कमी करणारे उपचार

रुग्णाला मिळणारा वैद्यकीय लाभ न घटवता त्याच्या फेऱ्या कमी करणे हे या काळातील उपचारबदलांचे मुख्य सूत्र होते. यांपैकी बहुतेक पद्धती महासाथीपूर्वीच उपलब्ध होत्या. त्यांचा वापर आता वाढला.

औषधोपचार

• शिरेवाटे द्यावयाच्या ५-फ्लुरोयुरॅसिलऐवजी शक्य तेथे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देण्यात आल्या.
• दर महिन्याला द्यावयाच्या संप्रेरक इंजेक्शनांऐवजी तीन किंवा सहा महिने परिणाम टिकणारी इंजेक्शने निवडण्यात आली.
• हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठीचे झोलेड्रोनिक ॲसिड चारऐवजी बारा आठवड्यांनी देण्यात आले.
• संप्रेरक-संवेदनशील स्तनकर्करोगात शस्त्रक्रिया लांबणार असल्यास दरम्यानच्या काळात संप्रेरकविरोधी गोळ्या सुरू करण्यात आल्या.
• पांढऱ्या पेशी वाढवणारी जी-सीएसएफ ही इंजेक्शने मध्यम जोखमीच्या रुग्णांनाही देण्यात आली, जेणेकरून तापामुळे रुग्णालयात भरती होण्याची वेळ येऊ नये.
• प्रत्येक फेरीपूर्वीची रक्ततपासणी रुग्णाच्या गावाजवळील प्रयोगशाळेत करून अहवाल दूरध्वनीवरून मागवण्यात आला.

इम्युनोथेरपीच्या क्षेत्रात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २८ एप्रिल २०२० रोजी पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध तीनऐवजी सहा आठवड्यांनी दुप्पट मात्रेत देण्यास मान्यता दिली. भारतात या औषधाची किंमत बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर असल्याने त्याचा परिणाम मर्यादित राहिला.

भारतीय परिस्थितीत अधिक महत्त्वाचा ठरलेला पर्याय म्हणजे मेट्रोनोमिक केमोथेरपी होय. यात औषधे कमी मात्रेत, पण सातत्याने, तोंडावाटे दिली जातात. टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके-मानेच्या बरा न होऊ शकणाऱ्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर मे २०१६ ते जानेवारी २०२० या काळात एक चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष सप्टेंबर २०२० मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाले. मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घेणाऱ्या गटात जगण्याचा मध्यक कालावधी ७.५ महिने, तर दर तीन आठवड्यांनी शिरेवाटे सिस्प्लॅटिन घेणाऱ्या गटात ६.१ महिने आढळला. ही चाचणी महासाथीसाठी आखलेली नव्हती. मात्र सलाइनच्या खुर्चीवर दिवस न घालवता घरी घेता येणारे उपचार प्रभावी ठरू शकतात, हे तिने नेमक्या गरजेच्या वेळी दाखवून दिले.

लहान मुलांतील तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगात उपचारांचा शेवटचा टप्पा प्रदीर्घ असून त्यात मर्कॅप्टोप्युरीन व मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घरीच घ्यावयाच्या असतात. अशा मुलांच्या रक्तपेशींची मोजणी गावी करून गोळ्यांची मात्रा दूरध्वनीवरून ठरवण्यात आली.

किरणोपचार

किरणोपचारांसाठी रुग्णाला आठवड्यातील पाच दिवस यंत्रावर यावे लागते. म्हणून कमी दिवसांत प्रतिदिन अधिक मात्रा देण्याच्या पद्धतीला महत्त्व आले. ब्रिटनमधील 'फास्ट-फॉरवर्ड' या चाचणीचे पाच वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा दिलेल्या ४० ग्रे मात्रेइतकेच एका आठवड्यात ५ वेळा दिलेली २६ ग्रे मात्राही परिणामकारक असल्याचे त्यात दिसले. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी अनेक दिवसांच्या उपचारांऐवजी ८ ग्रेची एकच मात्रा पुरेशी असते, हे आधीपासून सिद्ध होते. या काळात तिचा वापर करण्यावर भर देण्यात आला.

रक्ताचा तुटवडा

महाविद्यालये, कार्यालये व सार्वजनिक मंडळे यांची रक्तदान शिबिरे बंद पडल्याने रक्तपेढ्यांतील साठा घटला. रक्तकर्करोगाच्या बाह्यरुग्णांना लाल पेशी व बिंबिका (प्लेटलेट) वारंवार द्याव्या लागतात. त्यामुळे शिबिरांऐवजी रक्तदात्यांना ठरावीक वेळ देऊन रक्तपेढीत बोलावण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

दूरवैद्यक

भारतात दूरध्वनी किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून वैद्यकीय सल्ला देण्याबाबत २०२० पर्यंत स्पष्ट नियम नव्हते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टरांना चित्रसंवाद, ध्वनी किंवा लिखित संदेश यांद्वारे सल्ला देण्याची मुभा मिळाली. कोणती औषधे पहिल्या भेटीत, कोणती केवळ पाठपुराव्यात आणि कोणती दूरवैद्यकातून अजिबात लिहून देता येणार नाहीत, हेही निश्चित करण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये रुग्णाला थेट डॉक्टरांशी जोडणारी 'ई-संजीवनी ओपीडी' ही शासकीय सेवा सुरू झाली.

कर्करोगसेवेत दूरवैद्यकाचा उपयोग मुख्यतः जुन्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी झाला. उपचारांचे दुष्परिणाम विचारणे, अहवाल पाहणे, गोळ्यांची मात्रा बदलणे आणि रुग्णाच्या गावाजवळील डॉक्टरांना पुढील उपचार समजावून सांगणे ही कामे दुरूनही करता आली. मुंबईत येऊ न शकणाऱ्या रुग्णांना राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील जवळच्या केंद्राकडे पाठवण्याचा मार्गही उपलब्ध होता. महाराष्ट्रात नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि बार्शी येथे कर्करोग रुग्णालये कार्यरत आहेत.

या पद्धतीच्या मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. स्तनातील गाठ, मानेतील गाठी, तोंडातील व्रण किंवा गर्भाशयमुख यांची तपासणी हाताने व डोळ्यांनीच करावी लागते. नव्या रुग्णाच्या ऊतीचा नमुना घेतल्याशिवाय निदान होत नाही. अनेक कुटुंबांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो बहुधा रुग्णाच्या हाती नसतो. त्यामुळे प्रत्यक्ष संभाषण मुलगा, जावई किंवा शेजारी यांच्याशी होई. अशा वेळी रुग्ण स्त्रीला आपली तक्रार मोकळेपणाने सांगता येत नसे. रोग बळावल्याची वार्ता दूरध्वनीवरून देणे हे डॉक्टर आणि कुटुंब दोघांसाठीही कठीण होते.

उपशामक सेवा

बऱ्या न होणाऱ्या कर्करोगात वेदना, धाप व इतर त्रास कमी करणाऱ्या उपचारांना उपशामक सेवा म्हणतात. तीव्र वेदनेवर तोंडावाटे दिले जाणारे मॉर्फिन हे तिचे प्रमुख औषध आहे. ते अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखाली येत असल्याने दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते दुरून लिहून देता येत नव्हते. २०१४ मध्ये या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन साठवणे व देणे सोपे झाले होते, तरी अशा संस्था सर्व जिल्ह्यांत नव्हत्या. परिणामी इतर औषधे टपालाने घरी पोहोचू शकत असताना सर्वाधिक वेदनेत असलेल्या रुग्णाच्या औषधासाठी मात्र कोणीतरी प्रत्यक्ष केंद्रात जाणे भाग होते. रुग्णाऐवजी नातेवाइकाकडे औषध सोपवणे, एका वेळी अधिक दिवसांचा साठा देणे आणि गृहभेटी देणाऱ्या पथकांचा वापर करणे असे मार्ग केंद्रांनी काढले. गृहभेटींवरही संरक्षक पोशाखांचा तुटवडा व प्रवासबंदी यांमुळे मर्यादा आल्या.

अखेरच्या दिवसांतील रुग्णाच्या भेटीवर निर्बंध असल्याने अनेक कुटुंबांनी रुग्णालयाऐवजी घरीच सेवा करणे पसंत केले. अशा कुटुंबांना दूरध्वनीवरून मार्गदर्शन व मानसिक आधार देणे हे उपशामक पथकांचे नियमित काम बनले.

सेवांवरील परिणाम

राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील ४१ केंद्रांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १ मार्च ते ३१ मे २०२० या तीन महिन्यांची तुलना २०१९ मधील त्याच कालावधीशी करण्यात आली.

| सेवा | २०१९ | २०२० | घट (टक्के) |
|---|---|---|---|
| नव्या रुग्णांची नोंदणी | १,१२,२७० | ५१,७६० | ५४ |
| पाठपुरावा भेटी | ६,३४,७४५ | ३,४०,९८४ | ४६ |
| रुग्णालयातील भरती | ८८,८०१ | ५६,८८५ | ३६ |
| बाह्यरुग्ण केमोथेरपी | १,७३,६३४ | १,०९,१०७ | ३७ |
| मोठ्या शस्त्रक्रिया | १७,१२० | ८,६७७ | ४९ |
| लहान शस्त्रक्रिया | १८,००४ | ८,६३० | ५२ |
| किरणोपचार घेणारे रुग्ण | ५१,१४२ | ३९,३६५ | २३ |
| विकृतिशास्त्रीय चाचण्या | ३,९८,३७३ | २,४६,६१६ | ३८ |
| क्ष-किरण व इतर प्रतिमा चाचण्या | ९३,४४९ | ५३,५६० | ४३ |
| उपशामक सेवेकडे पाठवलेले रुग्ण | १९,४७४ | १३,८९० | २९ |

सर्वाधिक घट नव्या रुग्णांच्या नोंदणीत झाली. पाठपुरावा भेटींतील घट काही प्रमाणात जाणीवपूर्वक केलेली होती व तिची भरपाई दूरध्वनीवरून होऊ शकत होती. नव्या रुग्णांबाबत तसे म्हणता येत नाही. नोंदणी न झालेल्या व्यक्तींना प्राधान्यक्रम, गोळ्यांचे पर्याय किंवा दूरवैद्यक यांपैकी कशाचाही लाभ मिळू शकत नव्हता, कारण त्यांच्या रोगाचे निदानच झालेले नव्हते. किरणोपचारांतील घट तुलनेने कमी राहिली. सुरू झालेले उपचार मध्येच सोडता येत नाहीत, हे त्यामागील एक कारण मानता येते.

घट सर्वत्र सारखी नव्हती. महानगरांतील केंद्रांत ती अधिक, तर लहान शहरांतील केंद्रांत कमी आढळली. कर्करोगाची पूर्वतपासणी ७० टक्क्यांहून अधिक केंद्रांत पूर्णपणे थांबली होती किंवा नेहमीच्या क्षमतेच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणात चालू होती.

लसीकरण आणि दुसरी लाट

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झाले. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्व नागरिक आणि ४५ ते ५९ वयोगटातील ठरावीक सहव्याधी असलेल्या व्यक्ती लसीसाठी पात्र ठरल्या. २० सहव्याधींच्या या यादीत रक्तकर्करोग, लिम्फोमा व मायलोमा यांचा, तसेच १ जुलै २०२० नंतर निदान झालेल्या किंवा उपचार सुरू असलेल्या इतर कर्करोगांचा समावेश होता. ४५ वर्षांखालील कर्करोग रुग्णांना मात्र १ मे २०२१ रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले होईपर्यंत थांबावे लागले. रक्तकर्करोगाच्या आणि रिटुक्सिमॅबसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णांत लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे कमी असतात. त्यामुळे लसीची वेळ उपचारांच्या वेळापत्रकाशी जुळवणे आणि घरातील इतरांनी लस घेणे यांवर भर देण्यात आला.

एप्रिल व मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत रेल्वेगाड्या बंद नव्हत्या, पण प्राणवायू, खाटा व मनुष्यबळ यांचा तीव्र तुटवडा निर्माण झाला. पहिल्या लाटेत रुग्णालयापर्यंत पोहोचणे ही मुख्य अडचण होती. दुसऱ्या लाटेत कर्करोगाच्या उपचारांदरम्यान कोविड झालेल्या रुग्णाला भरती कोठे करायचे, हा प्रश्न अधिक बिकट बनला. कोविडमधून बरे झालेल्या रुग्णाची केमोथेरपी पुन्हा केव्हा सुरू करावी, हेही ठरवावे लागे. रक्तकर्करोगाच्या काही रुग्णांत आरटी-पीसीआर चाचणी अनेक आठवडे सकारात्मक राहत असे. अशा वेळी केवळ चाचणीवर विसंबून न राहता लक्षणे, लोटलेला काळ व कर्करोगाची निकड यांचा एकत्रित विचार केला जाई.

महासाथीनंतर

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ ची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. महासाथीत रुजलेल्या काही पद्धती पुढेही चालू राहिल्या. दूरवैद्यकाचा वापर सर्वसाधारण आरोग्यसेवेत मोठ्या प्रमाणावर वाढला आणि ई-संजीवनीवरील सल्ल्यांची संख्या फेब्रुवारी २०२३ मध्ये १० कोटींवर गेली. कर्करोगसेवेत गावाजवळ रक्ततपासणी, स्थिर रुग्णांचा दुरून पाठपुरावा, कमी दिवसांचे किरणोपचार आणि जिल्हा पातळीवरील केमोथेरपी यांचे महत्त्व अधोरेखित झाले. या उपायांची निकड संसर्गाच्या भीतीतून निर्माण झाली असली, तरी लांबचा प्रवास, बुडणारी मजुरी आणि शहरातील मुक्कामाचा खर्च या ज्या अडचणी त्यांमुळे कमी होतात, त्या महासाथीच्या आधीपासूनच्या होत्या आणि नंतरही कायम आहेत.

त्याच वेळी प्रत्यक्ष तपासणी, ऊतिपरीक्षण आणि पूर्वतपासणी यांना दूरवैद्यक हा पर्याय ठरू शकत नाही, हेही या अनुभवातून स्पष्ट झाले. भावी साथींच्या नियोजनात कर्करोगसेवेचा समावेश अत्यावश्यक सेवांमध्ये करणे, नव्या रुग्णांसाठी निदानाची वाट खुली ठेवणे आणि रुग्णवाहतूक व वेदनाशामक औषधे यांची आधीच तरतूद करणे या बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात.

हेही पहा

• कर्करोग
• केमोथेरपी
• टाटा मेमोरियल रुग्णालय
• भारतातील कोविड-१९ महासाथ
• दूरवैद्यक
• उपशामक सेवा